आंब्रोजच्या नावाचा डबा

“कांदा चिरता येतो का त्याला?”

पापांनी हे विचारलं तेव्हा ते ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून पायाची नखं कापत होते, आणि मला आंब्रोजशी लग्न करायचंय हे मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. आरडाओरडा होईल, निदान झोपाळा तरी थांबेल, असं वाटलं होतं. झोपाळा हलत राहिला.

“येत असेल,” मी म्हटलं.

“असेल म्हणजे? लग्न करणार त्याच्याशी आणि एवढं माहीत नाही?” त्यांनी नखं गोळा करून खाली अंगणात टाकली. “ईस्टरला घेऊन ये त्याला. सकाळीच ये म्हणावं, जेवायच्या वेळेला नको. चॉप्स आम्ही दोघं मिळून करू.”

मी आत धावले आणि आईला मिठी मारली. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “अगं, सूप पडेल.” मग पुन्हा खडे वेचू लागली.

पापांच्या त्या वाक्याचं मला एवढं का वाटलं, हे आमच्या घरातल्यांनाच कळेल. पापा, म्हणजे गावाचे बस्त्यावशेट, बोटीवर कुक होते. अर्धं आयुष्य समुद्रावर काढून ते वसईला परत आले, वाडीत केळी आणि पानवेल बघू लागले, आणि पुन्हा कधी म्हणून चुलीपुढे उभे राहिले नाहीत. एका दिवसाचा अपवाद होता. उपासाचे चाळीस दिवस संपले की ईस्टरच्या दुपारी ते स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे आणि कांद्याच्या ग्रेव्हीतले पोर्क चॉप्स करायचे. त्या दिवशी आईलासुद्धा आत मज्जाव. तिचा बाटलीतला मसाला फळीवर मागे सरकवला जायचा. “यात मसाला घालशील तर हात तोडीन,” असं पापा तिला दरवर्षी सांगायचे, आणि “तुमच्या त्या गोऱ्यांच्या रश्शाला मसाला झेपणार पण नाही,” असं ती दरवर्षी म्हणायची. मी, जशी, एकुलती एक लेक, तरी मला कधी पळीला हात लावू दिला नव्हता. आणि आता ते आंब्रोजला कांदा चिरायला बोलावत होते. मला वाटलं, झालं! झालं आपलं लग्न.

आंब्रोज खाडीकडच्या पाड्यावरचा. त्याची आई कातरीन, तिला आम्ही मावशी म्हणायचो. ती डुकरं पाळायची. सणासुदीला, लग्नाकार्याला आमच्या गावात जे पोर्क शिजायचं त्यातलं बरंचसं तिच्याकडचं. नवरा गेल्यावर तिने एकटीने डुकरं वाढवली आणि आंब्रोजलाही वाढवलं. तो शिकला, टेलिफोन खात्यात लागला, रोज मुंबईला जाऊ लागला. चर्चच्या गायनवृंदात तो खालच्या पट्टीत गायचा आणि मी वरच्या. बाप्तिस्मा त्यांचाही झालेला होता, आमचाही. कुंड तेच, पाणी तेच. पण आमच्या घरांतली मुलगी पाड्यावर दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आमच्यात जातबित नाही असं आम्ही बाहेरच्या लोकांना सांगायचो, आणि सांगताना आमचा चेहरा अगदी सरळ असायचा.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, कातरीनमावशी डुकराचं मटण घेऊन आली. नेहमीसारखी मागच्या दारी. डोक्यावरची पाटी तिने मागच्या पायरीवर उतरवली आणि वरचं केळीचं पान बाजूला केलं. चॉप्स बोटभर जाडीचे, हाडासकट, कडेला चरबीची पांढरी किनार. पापांना असेच लागत. आई आत परात आणायला गेली तशी मावशी माझ्याजवळ सरकली.

“जशी, खरंच बोलावलंय गं माज्या पोराला?”

“खरंच. पापांनीच बोलावलंय.”

“रांधायला?”

“रांधायला आणि जेवायला.”

तिने पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही ती करत नव्हती. मग एकदम घाबरल्यासारखी म्हणाली, “कुठच्या दाराने येऊ दे त्याला?”

मी हसले. “पुढच्या, मावशी! कुठच्या म्हणजे?”

“तसं नाय. विचारून ठेवलेलं बरं.”

आमच्याकडे एक रीत होती, तीही सांगितली पाहिजे. ईस्टरला चॉप्स झाले की पापा आधी डबे भरायचे. कातरीनमावशीचा, वाडीतल्या गड्याचा आणि कपडे धुणाऱ्या बाईचा. ते तिघं मागच्या पायरीवर आपापले डबे ठेवून जायचे आणि दुपारी भरलेले घेऊन जायचे. ते डबे भरल्याशिवाय घरातलं कोणी जेवायला बसायचं नाही. “आधी त्यांना, मग आपल्याला,” पापा म्हणायचे. याचा त्यांना फार अभिमान होता. गावात दुसऱ्या कोणाकडे असं नाही, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे. मलाही त्याचा अभिमान होता. मावशीचा डबा ॲल्युमिनियमचा होता, पोचे पडलेला, झाकण नीट न बसणारा. दोरीने बांधावा लागायचा.

ईस्टरच्या सकाळी आंब्रोज आला. पांढरा शर्ट, नवेकोरे तपकिरी बूट आणि हातात मुंबईहून आणलेली मार्झिपनच्या गोड अंड्यांची पेटी. आमच्यात बूट घालून आत येतात, मी त्याला म्हटलंही, “राहू दे.” पण त्याने ते पुढच्या पायरीवर काढले आणि टाचा जुळवून नीट ठेवले. पापा बाहेर आले. त्यांनी त्याला मिठी मारली. हात मिळवणं नव्हे, सरळ मिठीच. “हॅपी ईस्टर, मुला,” म्हणाले, आणि स्वतःचा जुना बोटीवरचा ॲप्रन त्याच्या गळ्यात घातला.

“चल. कांदे वाट बघतायत.”

मला आत यायला बंदी होती, पण दारात उभं राहायला कोणी मनाई केली नव्हती. मी दाराच्या चौकटीला टेकून सगळं पाहिलं. त्या सकाळइतकी सुखी मी नंतर क्वचितच झाले असेन, आणि पापांनी ते सुख मला पुरेपूर मिळू दिलं, हे मी त्यांना आजही माफ करू शकत नाही.

“उभा चीर,” पापा सांगत होते. “देठाकडून शेंड्याकडे. आडवा चिरलास तर शिजताना गळून जातो. ग्रेव्हीत कांदा दिसला पाहिजे, पण दाताला लागता कामा नये. कळलं?”

“कळलं, काका.”

आंब्रोज चिरू लागला. पापा त्याच्या हाताकडे बघत राहिले. सगळ्या फोडी एकसारख्या पडत होत्या.

“रडत नाहीस तू?”

“आमच्याकडे डुकराचे केस गवताच्या जाळावर जाळतात ना. त्या धुरात वाढलो. कांद्याचं काय वाटणार?”

पापा मोकळेपणाने हसले. आंब्रोजही हसला. मला जरा भीती वाटली होती की तो डुकरांची गोष्ट काढायला लाजेल, की पापा ऐकताना तोंड वाकडं करतील. तसं काही झालं नाही. पापांनी उलट त्याला आणखी विचारलं, पिल्लांना काय घालता, किती महिन्यांची झाली की कापता, चरबीचं काय करता. आंब्रोज सांगत गेला. त्याला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मग बिडाचा खोलगट तवा चुलीवर चढला. पापांनी चॉप्सना मीठ, मिरपूड आणि ताडीचा आंबट शिरका आधीच चोळून ठेवला होता. ते त्यांनी फडक्याने एकेक करून कोरडे केले आणि तव्यात उभे लावले, चरबीच्या कडेवर.

“आधी त्याची त्यालाच चरबी सोडू दे. वरून तेल घालतो तो कुक नव्हे.”

चरबी वितळायला लागली तसा घरभर तो वास सुटला, चाळीस दिवस भाजीभातावर काढलेल्या नाकाला वेड लावणारा. चॉप्स दोन्हीकडून लालसर झाले की पापांनी ते बाजूला काढले आणि त्याच चरबीत आंब्रोजचा कांदा टाकला.

“आता हलव. मंद आचेवर. घाई केलीस तर करपेल आणि कडू होईल. हाताला कंटाळा आला तर सांग.”

“नाही येणार.”

“बघू.”

आंब्रोज हलवत राहिला. कांदा पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस. पापा त्याच्या बाजूला स्टुलावर बसून बोटीवरच्या गोष्टी सांगत होते. कुठल्याशा बंदरात कॅप्टनने चॉप्स परत पाठवले होते, मग तोच कॅप्टन दुसऱ्या दिवशी माफी मागायला भटारखान्यात आला होता. ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली होती. आंब्रोज नव्याने ऐकत होता आणि नेमक्या जागी हसत होता. मग मैदा पडला, हाडं उकळून काढलेलं पाणी पडलं, बाटलीतल्या काळ्या सॉसचे थेंब पडले. चॉप्स पुन्हा आत गेले आणि वर झाकण बसलं. पापांनी पळीने थोडी ग्रेव्ही काढून आंब्रोजच्या तळहातावर टाकली. माझ्या जन्मात मला ती तशी मिळाली नव्हती.

“बोल.”

आंब्रोजने चाटली. “काका, मीठ पुरे आहे. शिरका थोडासा कमी.”

पापांनी स्वतः चाखली. थोडा वेळ तोंडात घोळवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले आणि शिरका घातला.

मी जेवणघरात पळाले. पापांनी बोटीवरून आणलेल्या काचेच्या निळ्या काठाच्या प्लेटी कपाटातून काढल्या, पुसल्या आणि टेबलावर मांडल्या. चार. चार काटे, चार सुऱ्या. आई दारात येऊन उभी राहिली.

“पापांना विचारलंस?” ती म्हणाली.

“काय विचारायचं?”

ती चौथ्या प्लेटीकडे बघत होती. मला वाटलं, ती स्वतः नंतर बसणार असेल. तिला तशी सवय होती. मी म्हटलं, “आज तू पण आमच्याबरोबर बसायचंस, आई. आज काही ऐकणार नाही.” ती वळली. ओटीकडे गेली. मी प्लेटींच्या बाजूला रुमाल घड्या करून ठेवत बसले.

जेवायची वेळ झाली. पापांनी हाक मारली, “जशी, डबे आण.”

मागच्या पायरीवर त्या दिवशी दोनच डबे होते. गड्याचा आणि कपडेवालीचा. मी ते आणले.

“मावशीचा नाहीये, पापा. विसरली वाटतं.”

“विसरली नाही. मीच तिला सांगितलं, यंदा ठेवू नकोस.”

ते पलंगाच्या खोलीत गेले आणि एक खोका घेऊन आले. खोक्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. नवा, चकचकीत, बाजूला कडी, वर मूठ. त्यांनी तो आंब्रोजसमोर धरला आणि अंगठ्याने झाकण पुसलं. झाकणावर मशीनने नाव कोरलेलं होतं, भांड्यांवर घालतात तसं. आंब्रोज.

“वाच,” पापा म्हणाले.

आंब्रोजने वाचलं. आधी त्याला कळलं नाही. मलाही कळलं नाही. मला वाटलं, भेट आहे. जावयाला पहिली भेट. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

“तुझ्या आईचा डबा पार गेला,” पापा म्हणाले. “झाकण बसत नाही, सांडतं वाटेत. आणि आता ती तरी किती वर्षं येणार? तू कर्ता झालास. आता तुझ्या नावाचा डबा पाहिजे. मी आहे तोवर दर ईस्टरला हा भरला जाईल, आणि माझ्यानंतर जशी भरेल. हा माझा शब्द.”

असं म्हणत ते भरू लागले. त्यांनी सगळ्यांत चांगले चॉप्स निवडले, जाड, गोल हाडाचे. कांद्याचा थर पळीने अलगद उचलून वर घातला. दुसऱ्या पुडात भात, तिसऱ्यात पाव आणि आंब्रोजनेच आणलेली दोन मार्झिपनची अंडी. कडी लावली. मग त्यांनी आंब्रोजच्या गळ्यातला ॲप्रन स्वतः काढून घेतला, तितक्याच मायेने.

“गरम आहे तोवर घरी ने, मुला. आई वाट बघत असेल.”

मी म्हटलं, “पापा, तो जेवणार आहे इथे. मी प्लेट मांडलीय.”

“आईला एकटीला सणाच्या दिवशी टाकून तो इथे जेवेल होय? तसा मुलगा नाही तो. काय रे?”

आंब्रोजने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने नळावर हात धुतले, सावकाश, बोटांमधले कांद्याचे कण काढून. “नाही काका,” तो म्हणाला. “थँक्यू.” डबा उचलला आणि पुढच्या दाराकडे वळला.

“बूट मागे आहेत,” आई म्हणाली.

ते मागेच होते. मागच्या पायरीवर, डबे ठेवायच्या जागी, टाचा जुळवून नीट ठेवलेले. आंब्रोज खाली बसला, बूट घातले, नाड्या बांधल्या. डबा त्याने तेवढा वेळ मांडीवर धरला होता. मग तो केळीतून निघून गेला.

“बस जशी,” पापा म्हणाले. “थंड होईल.”

मी बसले नाही. तशीच अनवाणी मागच्या दाराने निघाले. पापांनी मागून हाक मारली, “जेवून जा!” आवाजात राग नव्हता. त्यांच्या आवाजात त्या दिवशी एकदाही राग नव्हता.

दुपारच्या उन्हात वाडीची वाट तापली होती. आंब्रोज पुढे, मी मागे. मी हाका मारत होते आणि तो थांबत नव्हता, पण भराभरही चालत नव्हता. डबा हिंदकळू नये म्हणून सांभाळून चालत होता. मला वाटलं, आता फेकेल तो. आता त्या बांधावरून खाली भिरकावेल. मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, फेक, फेक ना रे. पाडा आला तरी त्याने फेकला नाही.

कातरीनमावशी दारातच बसली होती. आम्हाला दोघांना बघून ती उठली, आणि मग तिची नजर डब्यावर पडली.

“ह्यो काय?”

“तुझ्यासाठी दिलाय. काकांनी.”

“नवा?” तिने तो दोन्ही हातांनी घेतला. झाकणावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं कोरलेली आहेत हे बोटांना कळलं. “कोणाचं नाव हाय? बस्त्यावशेटचं?”

“माझं,” आंब्रोज म्हणाला.

मावशीने पुन्हा बोट फिरवलं. “तुजं? दाखव, कुठचं अक्षर कुठचं?”

आणि त्याने दाखवलं. तिचं बोट धरून एकेका अक्षरावर नेलं. ती मान डोलवत होती. “बघ,” ती मला म्हणाली, “इतकी वर्सं डोक्यावर मटण वायलं, माज्या नावचा कधी नाय केला. पोराचा केला. नाव घालून केला. देवमाणूस गं तुजा बाप.”

तिने डबा उघडला. चॉप्स बघून “बाय माजे!” म्हणाली. मग तिला एकदम माझी आठवण झाली. घरातली एकच काचेची प्लेट तिने काढली, धुतली, पुसली, पुन्हा धुतली, आणि तिच्यात एक चॉप वाढून माझ्यापुढे धरली. धरली आणि जरा मागे घेतली.

“खाशील ना आमच्यात?”

मी प्लेट घेतली आणि खाल्लं. खोटं कशाला बोलू, त्या वर्षीचे चॉप्स पापांच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते. मांस हाडापासून सुटत होतं. कांदा दिसत होता आणि दाताला लागत नव्हता. मावशी जमिनीवर बसून खात होती, हाड चोखत होती, बोटं चाटत होती.

“कांदा कोणी चिरला? काय एकसारका हाय.”

“मी,” आंब्रोज म्हणाला. तो दाराबाहेर पाठ करून उभा होता. त्याने घासही घेतला नाही. मावशीने दोनदा बोलावलं, तर म्हणाला, “मी तिकडेच जेवलो, आये. पोटभर वाढलं त्यांनी.”

मी बाहेर गेले. डुकरांच्या खुराड्यापाशी आम्ही उभे राहिलो.

“आपण मुंबईला जाऊ,” मी म्हटलं. “कोर्टात लग्न करू. उद्या जाऊ. मला त्या घरात परत जायचंच नाही.”

“जाऊ,” तो म्हणाला. “आणि आईला काय सांगू?”

“काय सांगू म्हणजे? खरं ते सांग.”

“काय खरं? हा डबा काय आहे, ते?” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तुझ्या बापाने नाही म्हटलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी तुला आत्ता या पावली नेली असती. आईसुद्धा म्हणाली असती, जा. आता मी तुला पळवली तर ती म्हणणार, एवढा मान दिला त्यांनी आणि तू त्यांच्याच तोंडाला काळं फासलंस. मग मला तिला समजावून सांगावं लागेल. हा मान नव्हता, आई. ह्याआधीचेही नव्हते. एकही नव्हता. सगळे डबे घेऊन बस आणि मोज.” तो थांबला. “तू सांगतेस? जा, सांग. आत बसलीय.”

मी दारातून आत बघितलं. मावशीने रिकामं पूड घासायला घेतलं होतं. राख नव्या स्टीलवर ओरखडे पाडेल म्हणून ती नुसत्या पाण्याने आणि पदराच्या टोकाने ते पुसत होती. झाकण तिने आधीच पुसून, येशूच्या तसबिरीखाली, भिंतीला टेकून उभं केलं होतं. नाव बाहेरच्या बाजूला.

मला आत जाववलं नाही.

“बघ,” आंब्रोज म्हणाला. “तुलाही नाही जमत. तुझ्या बापाला माहीत होतं.”

मी घरी परतले तेव्हा माझी प्लेट टेबलावर झाकून ठेवलेली होती. चौथी प्लेट कपाटात परत गेली होती. पापा झोपाळ्यावर होते.

“जेवलीस?”

“जेवले. मावशीकडे.”

“आपलेच चॉप्स ना? मग झालं.”

“नाही म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचं होतं, पापा!” मी ओरडले. “त्याला कशाला बोलावलंत? कांदा कशाला चिरून घेतलात?”

“मी ‘नाही’ कधी म्हटलं?” पापा खरोखर दुखावल्यासारखे दिसले. “एक शब्द वाईट बोललो का मी त्याला? विचार जाऊन. एक शब्द.”

आणि खरंच, एकही नव्हता. मी आयुष्यभर शोधला.

आई भांडी घासत होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. “बूट तू हलवलेस?”

“पुढच्या पायरीला ऊन येतं,” ती म्हणाली. “चामडं तापलं असतं.”

पुढच्या पायरीवर पत्र्याची शेड होती. तिथे ऊन कधीच यायचं नाही.

आंब्रोजने महिन्याभरात विदर्भात बदली मागून घेतली. जाताना मला भेटला नाही. पापांच्या पसंतीने दोन-अडीच वर्षांनी माझं लग्न झालं. नवऱ्याला कांदा चिरता येतो का, असं कोणी विचारलं नाही. पहिल्याच ईस्टरला तो निळ्या काठाच्या प्लेटीत जेवला आणि ग्रेव्ही जरा गोडसर आहे म्हणाला. पापांनी मान डोलवली.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो त्या दुपारनंतरचा पुढचाच ईस्टर. चॉप्स झाल्यावर पापांनी पळी माझ्या हातात दिली. “यंदापासून डबे तू भर,” म्हणाले. इतकी वर्षं मी त्या पळीसाठी तरसले होते.

मागच्या पायरीवर कातरीनमावशी स्वतः डबा घेऊन उभी होती. वर्षभर वापरला नसावा, तसाच चकचकीत होता. तिने तो माझ्यापुढे धरला, नाव माझ्याकडे करून.

“आंब्रोज आलाय?” मी विचारलं.

“कुठचा येतो! सुटी नाय म्हणतो.” तिने झाकण काढून दिलं. “पण डबा त्याच्या नावचा हाय ना गं. त्याच्या नावचं थोडं जास्ती घाल.”

मी घातलं.